पदकानंतरचें आयुष्य : डॉक्टर टेन्ली ऑलब्राइट



शाळेच्या क्रीडामहोत्सवांत शर्यत जिंकणाऱ्या मुलाच्या गळ्यांत पदक पडतें, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्या दिवसापुरतें तरी त्याला आकाश ठेंगणें वाटतें. पण त्याच वेळीं मंडपांत मागें बसलेल्या वडील माणसांच्या मनांत एक प्रश्न घोळत असतो : "खेळ ठीक आहे, पण पुढें काय?" हा प्रश्न विचारणारा बाप मुलाचा वैरी नसतो. खेळाडूचें खेळांतील आयुष्य अल्प असतें, हें तो जाणून असतो. गवई साठाव्या वर्षींही मैफल रंगवूं शकतो. शिक्षकाची विद्या केंस पिकल्यावर अधिकच परिपक्व होते. पण धांवणाऱ्याचे पाय आणि उडी मारणाऱ्याचे गुडघे बहुधा तिशीच्या सुमारासच थकूं लागतात. मग उरलेलीं चाळीस-पन्नास वर्षें त्यानें काय करावें? जुन्या पदकांस पालिश करीत बसावें काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर एका बाईंनीं आपल्या आयुष्यानें दिलें आहे. त्यांचें नांव टेन्ली ऑलब्राइट. त्यांचा खेळ आपल्या प्रांतांतील बहुतेकांनीं पाहिलेलाही नसेल. म्हणून प्रथम त्या खेळाची थोडी ओळख करून घेऊं.

थंड देशांत हिंवाळ्यांत तळीं व कालवे गोठतात. बुटाच्या तळाला पोलादी पातें बसवून त्या बर्फावरून घसरत जाण्याच्या क्रीडेस स्केटिंग म्हणतात. आपल्या देशांत सिमल्यास हिंवाळ्यांत उघड्यावर पाणी गोठवून असें मैदान तयार करण्याची वहिवाट १९२० पासूनची आहे. ह्याच क्रीडेचा एक नाजूक प्रकार म्हणजे फिगर स्केटिंग. फिगर म्हणजे आकृति. ह्या खेळाचें पातें सुमारें चार मिलिमीटर रुंद असतें आणि त्याच्या खालच्या अंगास मधोमध बारीक पन्हळ असते. त्यामुळें त्याला आंतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. खेळाडू सरळ उभा राहून जात नाहीं. तो एका धारेवर कलतो आणि त्या कलण्यामुळें बर्फावर वळणदार रेघ उमटते. इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखीं दोन जोडवर्तुळें काढावयाचीं, आणि पुन्हां त्याच रेघेवरून पातें न्यावयाचें, असा ह्या खेळाचा मूळ धडा आहे.

ऑलब्राइटबाईंच्या काळीं स्पर्धेचे दोन भाग असत. पहिल्या भागांत नेमून दिलेल्या आकृति प्रत्येक पायावर तीन तीन वेळां गिरवाव्या लागत. नंतर परीक्षक बर्फावर उतरून, वांकून त्या रेघा तपाशीत : वर्तुळ गोल आहे कीं नाहीं, तिसरी रेघ पहिलीवर बसली कीं बाजूला सरकली. शंभरांतील साठ गुण ह्या मूक परीक्षेला असत. उरलेले चाळीस गुण संगीताच्या तालावर उड्या, गिरक्या आणि पदन्यास ह्यांनीं नटलेल्या मुक्त भागाला मिळत. प्रेक्षक गर्दी करीत ती ह्या दुसऱ्या भागासाठीं; जय-पराजय मात्र पुष्कळ वेळां पहिल्या भागांतच ठरे. पुढें १९९० नंतर आकृतींचा भाग मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून टाकण्यांत आला.

गिरकीचें शास्त्रही मनोरंजक आहे. खेळाडू प्रथम हात पसरून फिरूं लागतो आणि मग हात छातीशीं घेतो. तत्क्षणीं त्याचा वेग इतका वाढतो कीं चेहरा ओळखूं येत नाहीं. ह्यांत जादू नाहीं. फिरणाऱ्या वस्तूचें वजन आंसाजवळ आलें म्हणजे तिची फिरण्याची गति वाढते; पदार्थविज्ञानांत ह्यास कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेंत फिरते स्टूल असेल तर त्यावर बसून, दोन्ही हातांत एक एक जाड पुस्तक घेऊन हात पसरा, मित्राला स्टुलास गति द्यावयास सांगा, आणि मग पुस्तकें छातीशीं ओढा. नियम तुमच्या अंगालाच कळेल. स्टूल कोणीतरी धरावयास मात्र विसरूं नका.

आतां मूळ कथेकडे वळूं.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, बोस्टन शहराजवळील न्यूटन ह्या गांवीं १८ जुलै १९३५ रोजीं टेन्लीचा जन्म झाला. वडील हॉलिस ऑलब्राइट हे शस्त्रक्रिया करणारे निष्णात डॉक्टर होते. मुलगी आठ वर्षांची असतांना नाताळांत तिला स्केटिंगचे बूट भेट मिळाले. वडिलांनीं घरामागच्या अंगणांत पाणी सोडून तें गोठूं दिलें, आणि तेंच तिचें पहिलें मैदान झालें. पुढें ती बोस्टनच्या स्केटिंग क्लबांत शिकूं लागली. तेथें तिला मॅरिबेल व्हिन्सन ह्या गुरु लाभल्या. ह्या बाई स्वतः नऊ वेळां अमेरिकेच्या विजेत्या झालेल्या व १९३२ च्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलेल्या होत्या. टेन्लीला उड्या आवडत. आकृति गिरविण्याचा तिला कंटाळा येई. कोणत्या मुलाला शुद्धलेखनाच्या वहीचा कंटाळा येत नाहीं?

१९४६ सालीं, अकराव्या वर्षीं, तिला पोलिओ झाला. आजच्या मुलांना ह्या शब्दाची दहशत समजणार नाहीं. हा रोग विषाणूमुळें होतो. कित्येकांच्या बाबतींत तो मज्जारज्जूवर आघात करतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. श्वासाचे स्नायु निकामी झाले तर प्राणही जातो. त्या वेळीं त्याला लस नव्हती. योनास सॉल्क ह्यांची लस परिणामकारक ठरल्याचें जाहीर झालें तें १२ एप्रिल १९५५ रोजीं, म्हणजे टेन्लीच्या आजारानंतर नऊ वर्षांनीं. आपल्या देशांतील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें आढळला आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यापूर्वींच्या काळांत हा रोग घरोघरीं काय दुःख देऊन गेला, तें आपल्या आजी-आजोबांस विचारा.

टेन्लीचें दैव इतकेंच बलवत्तर कीं तिचा आजार कायमच्या पक्षाघातापर्यंत गेला नाहीं. तथापि मान, पाठ आणि पाय ह्यांची शक्ति गेली होती, आणि रुग्णालयांत असतांना आपण पुन्हां चालूं कीं नाहीं हें तिला ठाऊक नव्हतें. ती घरीं आली तेव्हां दुबळ्या स्नायूंना पुन्हां बळ यावें म्हणून ओळखीचा व्यायाम सुरू करण्याचा सल्ला डॉक्टरांनीं दिला. तिच्या ओळखीचा व्यायाम एकच होता. ती बर्फावर परत गेली. पूर्वीं जी मुलगी उड्यांसाठीं उतावीळ होई, ती आतां कठड्याला धरून एक एक पाऊल टाकूं लागली. ज्या शरीराला आपण गृहीत धरतों तें एकदां हातचें जाऊन परत मिळालें, म्हणजे त्याची प्रत्येक हालचाल देणगी वाटूं लागते. आजारानंतर थोड्याच महिन्यांत तिनें आपल्या विभागांतील लहान मुलींची स्पर्धा जिंकली.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जिद्द असली म्हणजे कोणताही रोग हटतो, असा धडा ह्या प्रसंगावरून काढूं नये. त्याच सालीं पोलिओ झालेलीं, तिच्याइतकींच जिद्दीचीं कित्येक मुलें पुन्हां चाललीं नाहींत. तिचा रोग सौम्य होता, घर सुस्थितींतलें होतें, वडील डॉक्टर होते. तिनें केलें तें इतकेंच, कीं जें हातीं उरलें त्याचा कणही वायां जाऊं दिला नाहीं.

ह्यापुढील दहा वर्षांचा आलेख वरवर पाहतां सरळ चढत गेलेला दिसतो. १९५२ सालीं ती अमेरिकेची विजेती झाली आणि तो मान तिनें सलग पांच वर्षें राखला. त्याच वर्षीं ऑस्लो येथील ऑलिंपिकमध्यें तिला रौप्यपदक मिळालें. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथें ती जगज्जेती झाली. हा मान मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री होय. पण १९५४ सालीं तेंच जगज्जेतेपद जर्मनीच्या गुंडी बुश हिच्याकडे गेलें, आणि १९५५ सालीं व्हिएन्ना येथें टेन्लीनें तें परत मिळविलें. वर गेलेला माणूस खालीं येतोच. पुन्हां वर जाण्याची तयारी आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. १९५३ च्या सुमारास ही जगज्जेती मुलगी रॅडक्लिफ कॉलेजांत दाखल झाली आणि तिनें अभ्यासक्रम निवडला तो वैद्यकास आवश्यक असणारा. पहांटे चार वाजतां, मैदान मोकळें असतांना, ती सराव करी, नंतर कॉलेजांतील तास, नंतर प्रयोगशाळा. खेळ कीं अभ्यास, असा प्रश्न आपल्या घरांतून रोज ऐकूं येतो. टेन्लीनें तो प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. आजचा खेळ आजच खेळावयाचा. पण उद्यांच्या घराचा पाया आजच घालावयाचा, असें तिनें ठरविलें. मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पूर्ण होतात असेंही नव्हे. ऑलिंपिकच्या तयारीसाठीं तिनें कॉलेजांतून कांहीं काळ रजा घेतली. कोणत्या वेळीं कशाला अग्रस्थान द्यावें हें ओळखणें हीही एक विद्याच आहे.

१९५६ चें हिवाळी ऑलिंपिक इटलींतील कोर्तिना द'आंपेझो ह्या डोंगरी गांवीं भरलें. स्पर्धेस दोन आठवड्यांहूनही कमी अवधि असतांना सराव करीत असतां तिचें पातें बर्फांतील खांचेंत अडकलें, ती पडली, आणि डाव्या बुटाचें पातें उजव्या घोट्यांत हाडापर्यंत शिरलें. एक शीरही तुटली. ही बातमी कळतांच वडील अमेरिकेहून निघाले आणि त्यांनीं स्वतः मुलीच्या पायावर उपचार केले. घोटा पट्ट्यांनीं घट्ट बांधून ती बर्फावर उतरली.

आकृतींच्या भागांत तिनें आघाडी मिळविली. मुक्त भागासाठीं तिनें ओफेनबाख ह्या संगीतकाराच्या 'टेल्स ऑफ हॉफमन' ह्या संगीतनाटकांतील स्वर निवडले होते. त्यांतील प्रसिद्ध नौकागीताची चाल सुरू होतांच उघड्या मैदानाभोंवतीं बसलेले प्रेक्षक आपण होऊन ती गुणगुणूं लागले. परक्या देशांतील हजारों अनोळखी लोक आपल्या पावलांना साथ करीत आहेत, हें ऐकून तिला पायाच्या दुखण्याचा विसर पडला. अकरापैकीं दहा परीक्षकांनीं तिला पहिला क्रमांक दिला. स्त्रियांच्या फिगर स्केटिंगमध्यें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली. दुसरा क्रमांक तिच्याच देशाच्या सोळा वर्षांच्या कॅरोल हाइस हिला मिळाला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं झालेल्या जागतिक स्पर्धेंत ह्याच कॅरोलनें टेन्लीला मागें टाकलें! यश हें भाड्याचें घर आहे. मुदत संपली कीं दुसरा भाडेकरू दारांत उभा असतोच.

टेन्लीचें वय ह्या वेळीं वीस वर्षांचें होतें. तिच्यापुढें दोन वाटा होत्या. त्या काळीं ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंसाठीं असे. खेळावर पैसा मिळवूं लागलेल्या खेळाडूस स्पर्धेंत प्रवेश नसे. म्हणून पुष्कळ विजेते स्पर्धा सोडून बर्फावरील नाचगाण्यांच्या मंडळ्यांत जात. नॉर्वेची सोन्या हेनी हिनें १९२८, १९३२ आणि १९३६ अशीं तीन सुवर्णपदकें मिळविल्यावर हाच मार्ग धरला आणि हॉलिवुडच्या चित्रपटांत अपार कीर्ति व संपत्ति मिळविली. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आपल्या कलेवर पोट भरणें हा प्रामाणिक धंदा आहे. पण वाट ती एकच नव्हे. १९५२ सालीं ऑस्लो येथें टेन्लीला मागें टाकून सुवर्णपदक जिंकणारी ब्रिटनची जीनेट ऑल्टवेग हिनें स्पर्धांचा निरोप घेतला आणि ती स्वित्झर्लंडमधील ट्रोगेन येथें, युद्धांत पोरक्या झालेल्या मुलांसाठीं वसविलेल्या पेस्टालोझी बालग्रामांत काम करावयास गेली. एकाच स्पर्धेंतील पहिली विजेती अनाथ मुलांकडे वळली आणि दुसरी रुग्णांकडे, हा योग मोठा विचार करावयास लावणारा आहे.

१९५६ च्या हंगामानंतर टेन्लीनें स्पर्धा सोडल्या. कॉलेजचीं तीनच वर्षें झालीं होतीं, पदवी हातीं आली नव्हती. तथापि १९५७ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयानें तिला प्रवेश दिला. तिच्या वर्गांत मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. जगज्जेतेपणाचा तेथें कांहीं उपयोग नव्हता. शरीरशास्त्राची परीक्षा सुवर्णपदक दाखवून उत्तीर्ण होतां येत नाहीं. ज्या मुलीच्या नांवाचा जयघोष काल जगभर होत होता, ती पुन्हां पहिल्या इयत्तेंत येऊन बसली. माझ्या मतें तिच्या चरित्रांतील सर्वांत अवघड उडी कोर्तिनाची नव्हे, ही होय. खेळाडू खचतो तो बहुधा येथेंच. कारण सर्वांच्या पुढें राहण्याची संवय लागलेल्याला सर्वांच्या मागें उभें राहणें फार जड जातें.

१९६१ सालीं ती डॉक्टर झाली. म्हणून ह्यापुढें आपण त्यांना आदरानें "त्या" म्हणूं. पण तें वर्ष निव्वळ आनंदाचें नव्हतें. १५ फेब्रुवारी १९६१ रोजीं प्राग येथील जागतिक स्पर्धेस निघालेला अमेरिकेचा संपूर्ण स्केटिंगसंघ ब्रसेल्सजवळ विमान कोसळून मृत्युमुखीं पडला. विमानांतील ७२ जणांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. त्यांत गुरु मॅरिबेल व्हिन्सन होत्या आणि त्यांच्या दोन कन्याही होत्या. दोघींनींही त्याच वर्षीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. त्या वर्षींची जागतिक स्पर्धा रद्द करण्यांत आली. ज्यांनीं आठाचा आंकडा पुन्हां पुन्हां गिरवून घेतला, त्या गुरूंच्या मृत्यूच्या वर्षींच शिष्या डॉक्टर झाली.

डॉक्टर ऑलब्राइट यांनीं वडिलांचाच मार्ग धरला व शस्त्रक्रिया हा आपला विषय केला. बोस्टनमध्यें त्यांनीं तेवीस वर्षें हें काम केलें. त्या काळीं शस्त्रक्रियागृहांत स्त्री दिसे ती बहुधा परिचारिका म्हणून. हातांत शस्त्र घेतलेली स्त्री विरळा. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या नियामक मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. १९७९ सालीं त्या अमेरिकन ऑलिंपिक समितीच्या पदाधिकारी झाल्या. त्यापूर्वीं हा मान कोणाही स्त्रीस मिळाला नव्हता. उतारवयांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत, निरनिराळ्या शास्त्रांतील तज्ज्ञांना एकत्र बसवून आरोग्याचे बिकट प्रश्न सोडविण्याचा उपक्रम त्यांनीं चालविला. त्या तीन कन्यांच्या माताही झाल्या. २०१५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला गौरवमंदिरांत त्यांच्या नांवाचा समावेश झाला.

आतां विचार करा : बर्फावरील खेळ आणि शस्त्रवैद्याचें काम ह्यांत साम्य तें काय? मला तें असें दिसतें. आकृति गिरवितांना टाळ्या नसतात, संगीत नसतें. असते ती फक्त रेघ, आणि ती केसभर सरकली तरी ती खरें सांगते. शस्त्रक्रियागृहांतही टाळ्या नसतात. रुग्ण बेशुद्ध असतो. डॉक्टरनें टांका किती काळजीनें घातला हें त्याला कधींच कळत नाहीं. पाहणारें कोणी नसतांना रेघ सरळ काढण्याची संवय ज्या हाताला लागली, त्याच हातावर रुग्णानें प्राण सोंपवावे. शिवाय, अकराव्या वर्षीं रुग्णालयाच्या खाटेवर पडून भिऊन गेलेल्या मुलीला पुढें रोग्याची भीति पुस्तकांतून शिकावी लागली नसेल.

मुलांनो, तुमच्यांतील फारच थोड्यांना पदकें मिळतील, आणि ज्यांना मिळतील त्यांचींही कांहीं वर्षांनीं काळीं पडतील. त्याचें दुःख मानूं नका. पहांटे उठण्याची संवय, पडल्यावर उठण्याची संवय, तीच रेघ तिसऱ्यांदा तितक्याच मनापासून काढण्याची संवय, हीं काळीं पडत नाहींत. आणि पालकांस नम्र विनंति एवढीच : मुलानें खेळावें कीं शिकावें, असें विचारण्याऐवजीं, खेळतां खेळतां तो काय शिकत आहे, हें पाहावें. खेळांतून केवळ जिंकण्याची धुंदी घेऊन जो घरीं येतो त्याची काळजी करावी, पण हरून आल्यावरही दुसऱ्या दिवशीं पहांटे जो बूट बांधूं लागतो, त्याच्या "पुढें काय?" ची चिंता फारशी करावयास नको.